फळ्यावरचा चौथा रकाना

नऊ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. देवरावच्या वावरात मळणी यंत्र सुरू झाले. आमच्या शिवारातले यंदाचे हे पहिले. दव उडाल्याशिवाय यंत्र लावत नाहीत, त्यामुळे वेळ दरवर्षी साधारण हीच असते. मी ती लिहून ठेवतो. बत्तीस वर्षे बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होतो. काहीही निघाले की त्याची वेळ लिहायची, हे हाताला पडलेले वळण आहे.

यंत्र सुरू झाल्याचे मला आवाजाने कळले नाही. अंगणातल्या दोरीवर पांढरा सदरा वाळत होता. त्याच्यावर पिवळसर धूळ बसू लागली, तेव्हा कळले. मग कान दिला. आवाज होता, पण दोन शिवारे पलीकडून यावा तसा. कुंपणाशी जाऊन मी देवरावला विचारले, "यंदा यंत्र लांब लावलंस का?"

"तिथंच तं हाये, भाऊ. तुमच्या गोठ्याच्या मांगं. दरसाल लावतो तिथंच." तो माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. "काहून?"

"काही नाही," मी म्हणालो आणि आत आलो.

रेडिओखाली महिनाभरापासून एक चिठ्ठी आहे. कानाच्या डॉक्टरांची. उद्या सकाळी दहाला वाशीमला बोलावले आहे. चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत : सोबत एक माणूस आणणे.

मी पहिल्या गाडीने एकटा जाणार होतो. कोणाला सांगितले नव्हते. विहाराच्या ओट्यावर एक फळा आहे. त्याच्या माथ्यावर सात वर्षांपूर्वी मीच ऑइलपेंटने एक वाक्य रंगवले आहे. त्या फळ्यासमोरून जाणे मी महिनाभर टाळत होतो. वाक्य असे : या गावातून दवाखान्यात कोणी एकटे जाणार नाही.

सोयाबीनच्या धुळीला वास असतो. वाळलेल्या पानांचा, किंचित उग्र, घशात चुरचुरणारा. कापसाच्या दिवसांना असा वास नाही. तूर तर गुपचूप येते आणि गुपचूप जाते. सोयाबीन मात्र सगळ्या गावाच्या अंगावर बसते. दुधावर बसते, फोटोंच्या काचांवर बसते, म्हाताऱ्यांच्या भुवयांवर बसते. आठ-पंधरा दिवस गावातले सगळे लोक एका रंगाचे दिसतात. सात वर्षांपूर्वीचा तो हंगाम मला या वासासकट आठवतो. त्या हंगामात आमचे मंडळ संपणार होते.

मंडळ मी स्थापन केले होते. निवृत्तीनंतर कारंज्याहून गावी आलो आणि महिनाभरात लक्षात आले की येथे मला कोणी काही विचारत नाही. कारंज्याला दिवसातून शंभरदा विचारत. बाजारातून कापूस विकून आलेले शेतकरी विचारत, मंदिरांच्या दर्शनाला आलेली जैन कुटुंबे विचारत, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे लोक गाठोडी खाली न ठेवताच विचारत. मी ध्वनिक्षेपकावरून उत्तर देत असे. कमी शब्द, स्पष्ट उच्चार, एकदाच. गावात ध्वनिक्षेपक नव्हता. तेव्हा मंडळ काढले.

मंडळाचे नाव सात शब्दांचे होते. ते येथे लिहीत नाही. उद्देश अकरा होते. शिक्षण, आरोग्य, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती, सलोखा, संस्कार, असे करत करत अकराव्या उद्देशात 'इतर सर्व विधायक कार्ये' असे लिहून मी जगातले उरलेसुरले सगळे त्यात घालून टाकले होते. पत्रक छापून घरोघर वाटले. पहिल्या सभेला विहाराचा ओटा भरला. पोहे होते. दुसऱ्या सभेला नऊ जण आले. तिसऱ्या सभेला चार, आणि त्यातला एक देवराव, जो शेजारी असल्यामुळे टाळू शकत नव्हता. पोहे कमी पडले म्हणून लोक येत नसावेत, असे त्याचे मत होते. मी त्यावर विचार केला. चौथ्या सभेसाठी टोप्या शिवायला टाकल्या. चाळीस. टोपी डोक्यावर आली की माणूस आपला झाला, अशी माझी समजूत होती. गणवेशाच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाची ती समजूत होती.

टोप्या उज्ज्वलाबाईने शिवल्या. ती आमच्या गावची शिंपीण. मशीन दारात मांडते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचे माप डोळ्यांनी घेते. टोप्यांचे गाठोडे घेऊन ती ओट्यावर आली तेव्हा सभेची वेळ उलटून वीस मिनिटे झाली होती.

"कंट्रोलर भाऊ, टोप्या चाळीस झाल्या," ती म्हणाली. "डोकी चारच दिसून राह्यली."

"येतील."

"कायले येतीन?"

"उद्देश छापून वाटले आहेत."

"वाचले म्या. अकरा हायेत." तिने गाठोडे खाली ठेवले. "तुमच्या स्टँडवर एखांदी गाडी उभी असती, अन् तिच्या पाटीवर अकरा गावं लिवली असती, तं तुमी तरी तिच्यात बसले असते का? गाडी जाते कुठं थे सांगा. बसाचं का नाई थे आमी पाहून घेऊ."

देवराव हसला. मी हसलो नाही. 'ही गाडी कुठे जाते' हा प्रश्न मला बत्तीस वर्षे विचारला गेला होता, आणि उत्तर न येण्याची ती पहिलीच वेळ होती.

गाडी नवी आहे की जुनी, रंग लाल आहे की हिरवा, काच फुटली आहे काय, हे प्रवासी पाहत नाही. तो गाडीच्या कपाळावरची पाटी पाहतो. पाटीवर त्याचे गाव असले की खिडकीला काच नसली तरी तो चढतो, जागा नसली तरी उभा राहतो. पाटी नसलेल्या गाडीत गादी कितीही मऊ असली तरी तो चढणार नाही. हे मला पाठ होते. मंडळ काढताना मात्र मी गाद्या शिवत बसलो होतो.

"मग तूच सांग," मी म्हणालो. "कुठे न्यायची?"

उज्ज्वलाबाईने फार विचार केला नाही. तो तिने आधीच करून ठेवलेला असावा. "मागल्या महिन्यात सासऱ्याले घेऊन वाशीमच्या दवाखान्यात गेली होती. तिथं आपल्या गावचे तिघं दिसले. तिघंबी एकटे. एकाले चिठ्ठी कोन्त्या खिडकीवर द्याची थे माईत नाई. दुसरा जागा जाईन म्हून सकाळपासून लघवीले उठला नाई. तिसरी म्हातारी नुसती रडून राह्यली होती. इचारलं तं म्हने, मले काही नाई झालं, कोनी बोलाले नाई म्हून रडतो. कंट्रोलर भाऊ, ह्या गावातून दवाखान्यात कोनी एकटं जाऊ नये. बस. इतकंच करा. झाडं मागून लावू."

त्या रात्री जेवणाआधीच मी अकरा उद्देशांचे पत्रक चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी फळा रंगवला. माथ्यावर ते एक वाक्य, खाली तीन रकाने : तारीख, जाणारा, सोबत. वर्गणी नाही, सभा नाही, हार नाहीत. नियम दोनच केले. पहिला, नाव दिल्यापासून आठ दिवसांच्या आत ज्याने एक फेरी केली नाही, तो सदस्य नव्हे. दुसरा, पाण्याची बाटली आणि चिठ्ठ्यांची पिशवी सोबत जाणाऱ्याने आणायची. दवाखान्यात जाणाऱ्याने फक्त जायचे. उज्ज्वलाबाईने चाळीस टोप्या उसवल्या आणि त्याच कापडाच्या पिशव्या केल्या. त्या आजही चालू आहेत. बऱ्याच जणांना त्या मुळात टोप्या होत्या हे माहीत नाही.

पहिली फेरी देवरावने केली. सायंकाळी परतला तो मुलूख जिंकून आल्यासारखा. पानाच्या टपरीवर उभा राहून त्याने जाहीर केले, "सोळा नंबरची खोली कुठं हाये, मले इचारा. रगत कुठं तपासतात, मले इचारा. एक्सरे काढाले पोट रिकामं पाह्यजे का भरलेलं, मले इचारा." कोणी काही विचारले नव्हते, पण दुसऱ्या दिवशी टपरीवरच्या दोघांनी नावे दिली. देवरावला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नसावे, हे त्यांना सहन झाले नाही.

लोक का येतात आणि का थांबतात, यावर मी पुढे बराच विचार केला. येतात ते वाक्य वाचून. थांबतात ते त्या वाक्यातला आपला वाटा स्वतःच्या हाताने करून पाहिल्यावर. मधल्या काळात त्यांना नुसते बसवून ठेवले तर उठून जातात. त्यांचा दोष नसतो. पाटी पाहून चढलेला माणूस गाडी हलत नाही म्हटल्यावर उतरणारच. आठ दिवसांचा नियम मी शिस्तीसाठी केला होता. टिकला तो या कारणाने.

भादवा असा गेला. पोळ्याच्या आठवड्यातही एक फेरी चुकली नाही. मग सोयाबीन पिवळे पडले.

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, थांबत नाही. पाने गळून काड्या उघड्या पडल्या की शेंगा उन्हात तडतडू लागतात, आणि दोन दिवस उशीर झाला तर दाणे मातीत. पहाटेच्या दवात शेंगा नरम असतात, टोचत नाहीत, म्हणून बाया उजाडण्याआधी विळे घेऊन निघतात. त्या दिवसांत गाव सकाळी सातला रिकामे होते. ओट्यावर कुत्री झोपतात. दाराला कडी नसते, कारण चोरही वावरात गेलेला असतो, असे देवराव म्हणतो. आठवडाभरात फळ्यावरची 'सोबत'च्या रकान्यातली नावे एकेक करून पुसली गेली. कोणी येऊन सांगून पुसले, कोणी न सांगता. मी कोणाला बोललो नाही. पीक उभे असताना माणसाला दवाखान्याच्या बाकावर बसवणे मलाही पटत नव्हते.

शेवटी एका तारखेसमोर 'जाणारा' रकान्यात खूण होती आणि 'सोबत' रकाना कोरा होता. तेव्हा नियंत्रक जे करतो ते मी केले. प्रवासी कमी, चालक-वाहक नाहीत, म्हणून त्या ओळीवर खडूने लिहिले : फेरी रद्द. अक्षर सुंदर आले होते. हात झटकून घरी आलो. काम नियमाने झाल्याचे समाधानही होते, हे मान्य करतो. हंगाम संपला की मंडळ पुन्हा सुरू करता येईल, असे मनात होते. बंद झालेली फेरी पुन्हा सुरू व्हायला किती वर्षे लागतात, हे मला नोकरीत दिसले होते. तरी तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मी वर्तमानपत्र आणायला फाट्यावर गेलो. थांब्याच्या दगडावर सुभद्राबाई बसली होती. पांढरे लुगडे नीट, पदर डोक्यावर, पायाशी कपड्यांचे छोटे गाठोडे. सुभद्राबाई म्हणजे आमच्या शिवारातली सर्वांत जलद सोंगणारी बाई. होती, असे म्हणायला हवे, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते आणि आदल्या हंगामात विळा बोटावर बसला होता. फळ्यावरची ती खूण तिचीच होती. तिला लिहिता येत नाही. नावाऐवजी ती विळा काढते, एका झटक्यात, खडू न उचलता. दवाखान्यात तिला त्या दिवशी भरती व्हायचे होते.

"सुभद्राबाई, इथे कधीपासून बसल्या?"

आवाजावरून तिने मला ओळखले. "जय भीम, कंट्रोलर भाऊ. सहा वाजल्यापासून. कोन येनार हाये माह्यासंग?"

'फेरी रद्द' हे मी अशा बाईसाठी लिहिले होते जिला डोळ्यांनी दिसत नव्हते आणि दिसले असते तरी वाचता आले नसते.

"गाड्या किती गेल्या?"

"तीन. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर लय चांगला होता. म्हने, चाल आजी, मी उतरून देतो. म्या म्हनलं, नाई बाप्पा."

"मग बसल्या का नाहीत?"

तिने माझ्याकडे मान वळवली. मी ज्या बाजूला होतो त्याच्या किंचित डावीकडे. "एकटी?" ती म्हणाली. "आन् तुमच्या फळ्याचं काय? मी एकटी गेली असती तं थो खोटा पडला असता ना, भाऊ. पोरी वाचून दाखोतात मले. कोनी एकटं जानार नाई. मंग मी कशी जाऊ? सारं गाव खोटं पडलं असतं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. ती पाच तास उन्हात बसून माझे वाक्य सांभाळत होती, आणि मी ते आदल्या दिवशी सुंदर अक्षरात रद्द केले होते. तिने फेरी केली नव्हती, सभेला आली नव्हती, नाव दिले नव्हते. तरी त्या दिवशी मंडळाचा सदस्य एकच उरला होता आणि तो दगडावर बसला होता.

वर्तमानपत्र घेतले नाही. पुढची गाडी अकरा चाळीसला. मी सुभद्राबाईबरोबर तिच्यात बसलो. सांगायला संकोच वाटतो, पण सोबत जाण्याची ती माझी पहिली फेरी होती. मी नियम केले होते, फळा रंगवला होता, खडू आणले होते. गाडीत चढलो नव्हतो. पाण्याची बाटलीही माझ्याकडे नव्हती. अनसिंगला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून एक विकत आणली. सुभद्राबाईने ती हातात घेऊन तिचे वजन पाहिले आणि म्हणाली, "भरेल हाये. चांगलं केलं."

गाडीत खिडकीतून धूळ येत होती. दोन्ही बाजूंना सोंगलेल्या सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे रचलेल्या गंजी, काही उघड्या, काही ताडपत्रीखाली. तिला त्या दिसत नव्हत्या, पण वासावरून ती सांगत होती. "हे ओलं हाये, घाई केली. हे बराबर वाळलं. इथं उडीद होता का? हो ना? म्हनलंच." मी पाहून खात्री करत होतो. एकदाही चुकली नाही.

मध्येच तिने विचारले, "सारे सोंगाले गेले, म्हून कोनी नाई भेटलं, हो ना?"

"हो."

"मंग त्यात काय एवढं? सोंगनीत एखांद्या बाईचं पोट दुखलं, लेकरू रडलं, थे उठून गेली, तं तिची पात कोन काढते?"

पात म्हणजे वावरात एका बाईच्या वाट्याला येणारा पिकाच्या ओळींचा पट्टा. सगळ्या जणी ओळीने आपापली पात धरतात आणि धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, नेतात.

"कोण काढते?" मी विचारले.

"बाजूच्या दोघी. अर्धी हिनं, अर्धी तिनं. सांगा लागत नाई. अन् थे वापस आली तं तिची पात कुठं मांगं राह्यली असं दिसूबी देत नाईत. तसंच करा ना. जो संग जाईन त्याची पात बाकीचे काढतीन. तुमी फळ्यावर तीन घरं केले म्हनतात. चवथं करा."

वाशीम येईपर्यंत मी मनातल्या फळ्यावर चौथी रेघ ओढून पाहत होतो. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

दवाखान्यात वेळ टळून गेली होती. तेथील बाईंनी चार दिवसांनंतरची तारीख दिली आणि पुढच्या वेळी लवकर या, असे सांगितले. चूक आमची होती, हे मी सांगितले. सायंकाळी गावात उतरलो तो सरळ ओट्यावर गेलो. 'फेरी रद्द' ओल्या फडक्याने पुसले. मग पट्टी धरून फळ्यावर चौथी उभी रेघ ओढली आणि वर लिहिले : पात.

वावरातून परतणाऱ्या बाया थांबल्या. उज्ज्वलाबाई हंगामात मशीन झाकून सोंगायला जाते. तिने रकाना वाचला, मला एकदा वरपासून खालपर्यंत मापले आणि विचारले, "कोनाच्या डोक्यातून निंघालं?"

"सुभद्राबाईच्या."

"तरीच. तुमच्या डोक्यात टोपी असती."

चार दिवसांनी सुभद्राबाईबरोबर उज्ज्वलाबाई गेली. तिची पात देवरावने आणि त्याच्या बायकोने, लक्ष्मीने, काढली. देवराव तीस वर्षांनी विळा धरत होता. दुपारपर्यंत त्याची पाठ धरली आणि तो धुऱ्यावर उताणा पडून आभाळाला हाक मारू लागला. बाया इतक्या हसल्या की शेजारच्या वावरातले लोक पाहायला आले, आणि काय चालले आहे हे कळल्यावर त्यातल्या तिघांनी आपली नावे लावायला सांगितली. मी त्या दिवशी धुऱ्यावर हजर होतो. कोण आले, कोण गेले, हे लिहीत होतो. उन्हात शेंगा तडतडत होत्या. धुळीतून प्रकाश तिरपा येत होता, आणि बत्तीस वर्षांत बसस्थानकात मी इतकी माणसे एका कामाला इतक्या आनंदाने उभी राहिलेली पाहिली नव्हती. एवढेच लिहितो.

आठवड्याने सुभद्राबाई काळा चष्मा लावून त्याच धुऱ्यावर येऊन बसली. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, बोलायला केली नव्हती. "ए देवराव, मांगं पाह्य, चार झाडं सोडली तुनं. मले दिसून राह्यली आता."

तो हंगाम संपला तेव्हा फळ्यावर भादव्यापेक्षा जास्त नावे होती. हंगामाने मंडळ मोडायला हवे होते, असे माझे गणित होते. ज्याला जाता येत नाही त्यालाही त्याच वाक्यात जागा मिळाली, म्हणून ते मोडले नाही. नंतर मानोऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरून दोघे फळा पाहायला आले. दिवाळीनंतर त्यांची निम्मी माणसे कामाला बाहेरगावी जातात, मागे म्हातारे उरतात. मंडळाचे नाव काय ठेवायचे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, नाव ठेवू नका, वाक्य रंगवा.

सात हंगाम झाले. फळा दोनदा बदलला. वाक्य तेच आहे.

आता मागच्या महिन्याचे लिहायला हवे. मागच्या महिन्यात मी वाशीमला एकटा गेलो होतो. अनसिंगला नातेवाइकाकडे जातो, असे शेजारी सांगितले. दवाखान्यात सकाळी नऊपासून बाकावर बसलो. नावे पुकारली जात होती. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. माझ्यानंतर आलेले लोक आत जाऊन परत गेले. दीडला बाक रिकामा झाला, तेव्हा मी खिडकीवर विचारले. माझे नाव दोनदा पुकारले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली, मी पुन्हा एकटा गेलो, खिडकीला चिकटून उभा राहिलो आणि डॉक्टरांना भेटलो. त्यांनी तपासले, प्रश्न विचारले, मी काहींची भलतीच उत्तरे दिली असावीत. त्यानंतरच त्यांनी ती ओळ लिहून दोन रेघा ओढल्या. ज्याने लाखो माणसांना त्यांची गाडी ओरडून सांगितली, त्याला स्वतःचे नाव ऐकू आले नाही. यात हसण्यासारखे आहे. मला हसू यायला महिना लागला.

एकटा का गेलो, याचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगले नाही. सोबत जाणे मला जमू लागले होते. सोबत नेणे जमत नव्हते. 'जाणारा' रकान्यात आपले नाव असावे, हे मी कधी धरलेच नव्हते. सुभद्राबाई पाच तास दगडावर बसून जे करणार नाही म्हणाली, ते मी एका महिन्यात दोनदा केले होते आणि उद्या तिसऱ्यांदा करणार होतो.

आज दुपारी अडीचला उद्याची तयारी केली. एकट्याने जायचे म्हणून बाटली स्वतःच घासून भरली. चिठ्ठी पिशवीत घातली. अंगणात आलो तर देवराव कुंपण ओलांडून माझ्यासमोर उभा होता, भुवया पिवळ्या, हातात दोरी.

"तीन हाका मारल्या," तो म्हणाला.

"कामात होतो."

"काम नाई, कान हायेत. मी काय खुळा हाये का, भाऊ? सकाळी यंत्र लांब गेलं होतं. परवा माहा बैल तुमच्या मांगून घंटा वाजवत गेला, तुमी मान नाई वळवली. मागल्या महिन्यात तुमी अनसिंगले गेले होते म्हनता, माह्या साडूनं तुमाले वाशीमच्या दवाखान्यात पाह्यलं."

मी दोरीवरचा सदरा सारखा केला.

"आता ऐका. ऐकू येऊन राह्यलं ना? मोठ्यानं बोलतो. फळ्यावर नाव लिवा. नाईतं मी ओलं फडकं घेऊन जातो अन् वरचं वाक्य पुसतो. ऑइलपेंट हाये, निंघनार नाई, मले माईत हाये. पन मी घासत राहीन. लोक इचारतीन तं सांगीन, कंट्रोलर भाऊनं फेरी रद्द केली."

तो दोरी घेऊन निघून गेला. यंत्र पुन्हा सुरू झाल्याचे मला सदऱ्यावरून कळले.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी ओट्यावर गेलो. खडू घेतला. तारखेखाली दहा लिहिले. 'जाणारा' रकान्यात माझे पूर्ण नाव लिहिले. अक्षर चांगले आले नाही. खाली उतरतो तोच बाया वावरातून परतल्या. पुढे सुभद्राबाई, खांद्यावर विळा, पाठ अजून ताठ. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून तिने एक हंगाम चुकवला नाही.

"कोन जाऊन राह्यलं, भाऊ?"

"मी."

"कुठं?"

"वाशीमला. कान दाखवायला."

तिने हात पुढे केला. मी खडू दिला. माझ्या नावासमोर, 'सोबत'च्या रकान्यात, तिने एका झटक्यात विळा काढला.

"उद्या तुमची पात आहे ना?" मी म्हणालो. "देवरावची सोंगणी अर्धी बाकी आहे."

"हाये ना. लांब हाये, दोघी लागतीन." ती मागे वळली. "कोन धरते वं?"

उज्ज्वलाबाईने खडू आधीच घेतला होता. चौथ्या रकान्यात तिने आपले नाव लिहिले, खाली दुसऱ्या एकीचे. मग मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल असे, म्हणाली, "सात वर्षांपासून स्टँडवर उभे होते. बसले बाप्पा गाडीत एकदाचे!"

सगळ्या हसल्या. मी किती वाजता निघायचे ते सांगितले. सुभद्राबाई म्हणाली, तिला माहीत आहे.

घरी आलो. सदरा झटकून आत घेतला. दुपारी भरून ठेवलेली पाण्याची बाटली पिशवीतून काढली, अंगणातल्या जास्वंदीला ओतली आणि पालथी घालून ठेवली.